पेडल नुसतं धरून ठेवा

पायाला भिंगरी असलेली माणसं पुष्कळ असतात, पण या मिस्त्रीच्या पायाला ती जन्मतःच बांधून पाठवली असावी. सगळी वस्ती त्याला भिंगरी मिस्त्री म्हणायची आणि त्याला त्याचा राग नव्हता. रागवायलासुद्धा क्षणभर थांबावं लागतं. जेवताना तो ताटावरून दोनदा उठायचा. चहा फेऱ्या मारत प्यायचा. डोंगरमाथ्यावर घराला लागूनच त्याचं गॅरेज होतं: दोन गाड्या मावतील एवढी पत्र्याची शेड, मधे खड्डा, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. ब्रेक तपासायचा म्हणजे दारातूनच पाय आत घालून पेडलवर खट् खट् खट् तीन दणके. "पक्का आहे, घेऊन जा!" तिसरा दणका पडेपर्यंत स्वारीची नजर पुढच्या गाडीवर गेलेली असायची.

लेक डोंगर उतरून खालच्या शहरात राहायची. चार दिवस माहेरपणाला आली होती, सोबत तिची छोटी छकुली. आज दुपारी परत निघायचं होतं. बॅग भरता भरता ती गॅरेजच्या दारात आली.

"बाबा, ब्रेकचं एकदा बघा ना. सिग्नलला उभी राहिले की पाय खाली खाली जातो. मागे फोनवर पण सांगितलं होतं."

"मग मी काय म्हणालो होतो?"

"दोनदा मारत जा म्हणालात. तसंच करते. दुसऱ्यांदा लागतो."

"लागतो ना? मग झालं तर!"

तरी त्याने पाय आत घातला. खट् खट् खट्. पेडल दगडासारखं घट्ट. बॉनेट उघडून पाहिलं, ब्रेक ऑइल काठोकाठ. चारही चाकांमागे वाकून बघितलं, सगळं कोरडं. "एक थेंब गळत नाही. गाडी ठणठणीत आहे, तुझंच मन ढिलं झालंय," असं म्हणून तो स्वतःच हसला. लेक हसली नाही.

"छकुली मागे बसलेली असते, बाबा."

हे ऐकल्यावर त्याचं हसू ओसरलं. पाइपात हवा शिरली असेल, काढून टाकू, असं पुटपुटत त्याने बायकोला हाक मारली. हवा काढणं एकट्याचं काम नाही. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी हवा काढायचा निपल सैल करून ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर काढायचे. लग्न झाल्यापासून पेडल दाबायला बायकोच बसत आली होती. माझ्या वाट्याला गाडी कायम उभीच आली, असं ती म्हणायची.

"दाब... दाब... आता धर!"

"धरलं."

"सोड."

चारही चाकं झाली. बुडबुडा एकही निघाला नाही. "संपलं, उतर!" म्हणत त्याने पाना टांगलासुद्धा. पण ती उतरली नाही. समोर अंगणात छकुली खेळत होती, तिच्याकडे बघत ती तशीच बसून राहिली होती, पाय पेडलवर.

"अहो, हे खाली चाललंय."

"निपल बंद केलाय मी."

"तरी चाललंय. मी जोरसुद्धा लावलेला नाही."

"पाय घसरला असेल तुझा."

"तुमच्या संसारात इतकी वर्षं नाही घसरला, तो आत्ता घसरतोय होय? या, बसा इथे."

तो बसला आणि सवयीने खट् खट् केलं. पेडल घट्ट. "बघ!" म्हणून तो उठणार, तोच तिने त्याचा गुडघा धरला.

"मारू नका. नुसता ठेवा. आणि जरा बसा."

त्याने पाय ठेवला. आता नुसतं बसायचं म्हणजे या माणसाला शिक्षाच. जॅक तसाच पडलाय हे त्याला आठवलं, मान खाजली, मांडी थरथरायला लागली. आणि मग पेडल खाली निघालं. दमलेलं माणूस उशीला टेकतं तसं, हळूच, काही आवाज न करता, ते पार तळाला जाऊन बसलं. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, ती त्याने त्या दिवशी अनुभवली.

दोष पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या पोटात होता. आतली रबरं झिजली होती. दणका मारला की रबर घट्ट चिकटतं आणि पेडल कडक लागतं. पाय हलका ठेवला की ऑइल आतल्या आत रबराच्या मागे निसटतं. बाहेर थेंब नाही, ऑइलची डबी भरलेली. हा दोष फक्त पाय धरून बसणाऱ्याला सापडतो, आणि मिस्त्री आयुष्यात कधी बसला नव्हता. वर लेकीला त्यानेच दोनदा मारायला शिकवलं होतं, म्हणजे दोष झाकायला शिकवलं होतं. उतारावर दुसऱ्यांदा मारायला वेळच मिळाला नसता तर? आणखी कुणाकुणाच्या गाड्या आपण तीन दणक्यांवर सोडल्या, हेही डोक्यात घुमायला लागलं.

"गाडी हलवायची नाही," तो लेकीला म्हणाला आणि स्कूटरला किक मारून नवा सिलिंडर आणायला सुटला.

नव्या सिलिंडरची एक खोड असते: त्याला घाई चालत नाही. शिकंज्यात धरून, ऑइल भरून, आतला दट्ट्या अगदी हळू ढकलायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. "सावकाश... सावकाश," तो स्वतःलाच मोठ्याने दटावत होता. हात ऐकत होते, पाय मात्र जागच्या जागी नाचत होते. सिलिंडर बसला, पाइप आवळले, बायको पुन्हा पेडलवर बसली, चारही चाकांची हवा पुन्हा काढली. मग तिला उतरवून तो स्वतः बसला. पाय ठेवला.

"बाबा, निघू? ऊन कलायला लागलंय."

"थांब."

चहा आला, गार झाला. छकुली खिडकीशी येऊन बघून गेली. "आजी, आजोबांना बरं नाहीये का? ते बसलेत!"

पेडल तसूभरही हललं नाही. तो उतरला. "आता दोनदा मारायचा नाही. एकदाच. लागेल."

"नक्की ना, बाबा?"

बापाच्या शब्दावर लेकीने 'नक्की ना' कधी विचारलं नव्हतं. ते त्याला लागलं, पण त्याने गिळलं. "तेव्हा नीट बघितलं नव्हतं, पोरी. आज बघितलंय."

गॅरेजच्या कट्ट्यावरून उताराची पहिली दोन वळणं दिसतात. पहिल्या वळणाला गाडीचे मागचे लाल दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. "दोनदा मारला," तो म्हणाला. दुसऱ्या वळणाला दिवे एकदाच लागले आणि लागूनच राहिले. मग गाडी झाडीआड गेली.

बराच वेळ झाला तरी कट्ट्यावर काही हालचाल नाही, म्हणून बायको बाहेर आली. भिंगरी मिस्त्री खांबासारखा उभा होता. उजवा पाय त्याने जमिनीवर दाबून धरला होता.

"अहो, काढा आता पाय."

"पोचल्याचा फोन येऊ दे," तो म्हणाला.