कोचबाईंचं उट्टं

क्लबच्या सेक्रेटरीने सगळ्या मुलींदेखत कोचबाईंना काढून टाकलं आणि त्यांच्या जागेवर स्वतःच्या भाच्याला बसवलं. भाच्याने बास्केटबॉल टीव्हीवर पाहिला होता, एवढाच काय तो त्याचा अनुभव. बाई घरी आल्या, बूट काढले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "त्या सेक्रेटरीचं नाक कापल्याशिवाय मी मरायची नाही." नवऱ्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान. तो म्हणाला, आधी जेवून घे.

डूख धरावा तर बाईंनीच. त्याच क्लबने 'हिच्याने काही व्हायचं नाही' म्हणून हाकललेली एक पोरगी त्यांनी हुडकून काढली. टायरच्या दुकानवालीची लेक, दारातून वाकून आत येणारी. सगळे तिला शिडी म्हणत. चेंडू तिच्या हातातून साबणासारखा निसटायचा. धावताना पायात पाय अडकायचे. पण तिने रिंगखाली उडी घेतली की बाई श्वास रोखून बघत राहायच्या.

बर्फाच्या कारखान्यामागच्या पटांगणात बाईंनी या पोरीभोवती संघ विणला. नावाजलेल्या खेळाडूंच्या मागे त्या लागल्याच नाहीत. शिडीला हवा तिथे, हवा तेव्हा चेंडू पोचवणारी एक नर्स घेतली. लांबून नेमका नेम धरणारी बँकेतली कारकून घेतली, म्हणजे समोरच्यांना सगळ्या मिळून शिडीवर तुटून पडता येऊ नये. धक्के खायला एक दांडगी भाजीवाली घेतली, आणि पोरीला धीर द्यायला क्लबची जुनी कप्तान. चौघीही त्याच सेक्रेटरीने नारळ दिलेल्या. दातओठ खायला आणखी काही लागत नव्हतं.

पहिलं वर्ष हरण्यातच गेलं. भाजीवाली कुरकुरली, की चेंडू सांडणाऱ्या पोरीसाठी आम्ही का मरायचं? बाई म्हणाल्या, "पीक तयार होईपर्यंत आपण कुंपण. जिला कुंपण व्हायचं नसेल, तिने घरी जावं." कुणी गेलं नाही.

दुसऱ्या वर्षी पीक आलं. अंतिम सामन्यात समोर तोच क्लब होता आणि शिडीपुढे त्याचा पार धुव्वा उडाला. सामना कधीच हातात आला होता, तरी बाई ओरडत होत्या, "सोडू नका! अजून दाबा!"

शिडीने बदली मागितली आणि बाकावर येऊन बसली. "बाई, पुरे. त्यांची कप्तान रडतेय."

"रडू दे."

"तिने कुठे काढलं होतं तुम्हाला?"

बाईंनी राखीव मुलीला आत पाठवलं आणि शेवटपर्यंत क्लबला रगडलं.

सेक्रेटरी हात पुढे करून आला. बाईंनी हात पाठीमागेच ठेवले. "ही पोरगी तुमच्याच दारात आली होती," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मीही तिथेच होते. आता भाच्याला घेऊन बसा." त्याचा चेहरा उतरला, तो त्यांनी डोळे भरून पाहिला. त्या रात्री त्यांना कधी नव्हे इतकी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी शिडी सरावाला आली, पण चेंडूला हात लावेना.

"मी तुमच्याकडेच खेळेन," ती म्हणाली. "पण मी पुरे म्हटलं की पुरे."

बाईंना राग आला. पोर खरं बोलतेय हेही कळत होतं, म्हणून जास्तच आला.

"बघू," त्या म्हणाल्या. "आधी धावून ये."