फॉरवर्डचा बॅक

सरांनी मला फॉरवर्डवरून बॅकला टाकलं तेव्हा कोपरगावच्या त्या हॉकी क्लबात येऊन मला तीन आठवडेही झाले नव्हते. कारण साधं होतं. क्लबाचा जुना बॅक गुडघ्यामुळं बसला होता आणि फॉरवर्डला त्यांच्याकडं आधीच चार पोरं होती. सर मिलिटरीतून रिटायर झालेले, बोलणं मोजकं. म्हणाले, "चार सामने बघतो. जमलं तर राहा. नाही जमलं तर जामखेडची गाडी आहेच."

गाडी होती हो, पण त्या गाडीच्या दुसऱ्या टोकाला माझं काय होतं? मी जामखेडकडच्या खर्ड्याजवळच्या वाडीतला. नववीत शाळा सोडली, म्हणजे नापास झालो आणि परत गेलोच नाही. हॉकी पीटीच्या मास्तरांनी शिकवली. शाळा सोडल्यावरही त्यांनी मला मैदानावर येऊ दिलं आणि त्यांनीच फोन करून मला सरांकडं पाठवलं. इथं खोली मिळाली, दोन वेळचं जेवण मिळालं, सकाळी दोन उकडलेली अंडी. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, दोन्ही माझीच का. त्या माणसांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण उपकाराचं ओझं असलं की माणूस जास्त घाबरतो.

आमचा गोलकीपर तिशीतला, अंगानं भरलेला, कॅनॉलखालच्या उसाच्या रानाचा मालक. जुना बॅक हा त्याचा जोडीदार. आठ वर्षं दोघं पुढं-मागं उभे राहिलेले. त्या जागेवर मी उभा राहिलो, हा माझा गुन्हा. त्यानं मला एकदाही नावानं हाक मारली नाही.

"ए कोरडवाहू!" असं म्हणायचा. आमच्या जामखेडकडं पाणी नाही ना, म्हणून. "तुमच्याकडची मान्सं हिकडं ऊस तोडाया येत्यात. तू काय तोडाया आला रं? आमची टीम?"

बाकीचे खिदळायचे. मीही हसायचो. हसलो नाही तर आणखी बोलतील, ही भीती. मनात मात्र मी त्याला अशा शिव्या घालायचो की आईनं ऐकल्या असत्या तर घरात घेतलं नसतं.

बॅकचं काम मला जमेना. फॉरवर्डला चेंडू दिसला की झेपावायची सवय असते. हुकलं तर हुकलं, पुन्हा मिळतो. बॅकनं झेपावायचं नसतं. समोरच्याला अडवत अडवत कडेला न्यायचं, त्याला घाई झाली पाहिजे, आपल्याला नाही. सर शंभरदा सांगायचे, "चेंडूवर जाऊ नको. माणूस रोख." मी मान हलवायचो आणि चेंडूवर जायचो.

पहिल्या सामन्यात तेच झालं. गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, म्हणजे डीच्या तोंडाशी मी झेप घेतली, समोरच्यानं चेंडू माझ्या काठीवरून उचलला आणि मी मुरमावर पालथा. गोल. हरलो. कुणीतरी त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. खाली गोलकीपरचा आवाजातला मेसेज : "पोहाया शिकीवलंय का रं ह्याला? पाणी बगितलं न्हाई कदी, म्हनून मुरमातच सूर मारतोय." मी तो मेसेज सहा-सात वेळा ऐकला. का ऐकला, देव जाणे.

दुसऱ्या सामन्यातलं मात्र निराळं होतं. बॅकला पाठीमागचं दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे गोलकीपर. मागून "डावा!", "उजवा!", "थांब!" असं तो ओरडतो आणि बॅक न बघता तसा वळतो. आमच्या क्लबात तर नियमच होता : बॅकनं मान वळवायची नाही, आवाज ऐकायचा. पहिल्या सामन्यात गोलकीपर शिव्या देत का होईना, ओरडत होता. दुसऱ्यात तो गप्प बसला.

सुरुवातीला मला कळलंच नाही. उजवीकडून पास येताना दिसला, मी आवाजाची वाट पाहिली. आवाज नाही. म्हणजे डाव्या खांद्यामागं कुणी नसणार, असं समजून पुढं सरकलो. तिथंच त्यांचा पोरगा उभा होता. त्यानं नुसती काठी लावली. गोल. पुन्हा हरलो.

मी वळून गोलकीपरकडं पाहिलं. तो हेल्मेटच्या जाळीतून माझ्याकडंच बघत होता.

"काय बगतो?" म्हणाला. "तुजा मानूस हुता त्यो."

हे मी सरांना सांगू शकलो असतो. आठवडाभर सांगायच्या तयारीनं त्यांच्या खुर्चीपर्यंत जायचो आणि पाण्याच्या माठाकडं वळायचो. नवा माणूस, नववी नापास, दोन सामन्यांत दोन गोल माझ्यामुळं. आणि मी म्हणणार, आठ वर्षं खेळणारा गोलकीपर मुद्दाम गप्प बसला? जामखेडची गाडी त्याच संध्याकाळी मिळाली असती.

तिसऱ्या सामन्यात मी नियम मोडला. दर दोन-चार सेकंदांनी मान वळवून मागं बघत राहिलो, शेतात चोरून कणसं मोडणाऱ्या पोरासारखा. मान धरली, पण माझ्या बाजूनं गोल झाला नाही. सामना बरोबरीत सुटला. सर म्हणाले, "तू सारखा मागं काय बघतोस? मागं गोलकीपर आहे ना?"

"आहे सर," मी म्हणालो. शेजारी गोलकीपर बाटलीतून पाणी पीत होता. त्याचा घोट क्षणभर थांबला, एवढं मी पाहिलं.

चौथा सामना नगरला. आम्ही एका गोलनं पुढं होतो आणि शेवटची चार मिनिटं उरली असताना चेंडू माझ्या पायाला लागला. डीच्या आत. पंचांनी हात केले, पेनल्टी कॉर्नर.

पेनल्टी कॉर्नरला आम्ही पाच जण गोलरेषेमागं उभे राहतो. त्यांचा एक जण कडेवरून चेंडू आत ढकलतो, डीबाहेर दुसरा तो थांबवतो, तिसरा मारतो. मारणाऱ्याच्या अंगावर आमच्यातला एक जण पळत जातो. क्लबाची रीत अशी की सगळ्यात नवा बॅक पहिला पळणार. चेंडू पायाला लागो, पोटाला लागो, त्यानं बाजूला व्हायचं नाही. आणि चेंडू ढकलायच्या आधी पाऊल पडलं तर पंच थेट मैदानाच्या मध्यावर हाकलतात. मग चौघांवर निभवायचं.

बाकीचे सगळे मारणाऱ्याकडं बघत होते. मी चेंडू ढकलणाऱ्याकडं पाहिलं. वाडीतल्या टीममध्ये ते काम माझं होतं. चेंडू ढकलायच्या आधी माझी मागच्या पायाची टाच किंचित उचलायची, त्यावरून पीटीच्या मास्तरांनी माझ्या पोटरीवर किती छड्या मारल्या असतील! या पोराला बहुतेक कुणी मारलं नव्हतं. त्याची टाच उचलली. मी अंग झोकलं. पाऊल आणि चेंडू एकदमच सुटले.

चेंडू थांबला तेव्हा मी मारणाऱ्यापासून तीन पावलांवर होतो. त्यानं मारला तो माझ्या नडगीवर, पॅडच्या वर जिथं काही नसतं तिथं. मी खाली बसलो. चेंडू उडून बाजूला पडला आणि मागून आवाज आला, "उजवा! उजवा, भडव्या, ऊठ!" मी न बघता उजवीकडं काठी टाकली. चेंडू लागला, बाहेर गेला. त्यावर त्यांना मिळालेला कॉर्नर वाया गेला. सामना आम्ही जिंकलो.

सरांनी माझी नडगी अंगठ्यानं दाबून पाहिली. "मोडली नाही," म्हणाले. "परवा कॉर्नरची प्रॅक्टिस. पहिला तूच पळायचंस." एवढंच. मी राहिलो होतो. मला रडू येऊ लागलं म्हणून मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

रसवंतीवाल्याकडून पिशवीत बर्फ आणून मी पायरीवर बसलो. गोलकीपर पलीकडं पॅड सोडत होता.

"दुसऱ्या म्याचला मी गप बसलो हुतो," तो म्हणाला. "मुद्दाम."

"माहिताय."

"मग सरांना का न्हाई सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? तुम्हाला थोडंच काढलं असतं."

त्यानं जरा विचार केला. "न्हाई," म्हणाला. "तुलाच काडला असता."

मग दुसरं पॅड सोडत म्हणाला, "आन् तू ऱ्हायला म्हनून मी काय खूश न्हाई. माजा मानूस घरी बसलाय. गुडगा बरा झाला की त्यो येनार. तवा तू परत फॉरवर्डला जा न्हाईतर खर्ड्याला, मला काय करायचं?"

"बरं, दादा."

"दादा-बिदा म्हनू नको मला."

परतीच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये त्याच्याशेजारची एकच जागा मोकळी होती. त्यावर त्याची किटबॅग. मी दारात एका पायावर उभा राहिलो. त्यानं खिडकीतून बाहेर बघतच बॅग उचलली आणि मांडीवर घेतली. मी बसलो. कोपरगावपर्यंत प्रत्येक खड्ड्याला त्याचं कोपर माझ्या बरगडीत बसत होतं. त्यानं ते हलवलं नाही, आणि मीही सरकलो नाही.