गाठीवाल्या काकूंचं बियाणं

आसपासच्या रानांत घेवडा पेरायचा म्हटलं की बियाणं आधी गाठीवाल्या काकूंच्या पडवीत यायचं. मुळांवर गाठी धरून पिकाला नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंची पाकिटं त्या पाण्याच्या माठाशेजारी गारव्याला ठेवत. गुळाच्या पाण्यात जिवाणू कालवायचे, बियांना हलक्या हाताने चोळायचे आणि बी सावलीत सुकवायचं. पीक उभं राहिलं की एखादं रोप उपटून मुळांवरची गाठ नखाने फोडायच्या. आत लालसर दिसलं की म्हणायच्या, "जिवंत आहे." नाव पडलं ते त्यावरून. बाई तोंडाने फटकळ, पण काम चोख.

"पिकाला लागणारी जस्त-तांब्याची पूड नंतर पानांवर फवारा. जिवाणूंत कालवाल तर मरतील बिचारे," हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत.

त्यांची लेक नवऱ्यामागे सासरी एकटी पडली होती. तिच्या वाट्याच्या पट्टीवर दिराचा डोळा होता. त्याला तिथली माती वीटभट्टीला द्यायची होती. एकदा खणली की शेत कायमचं गेलं. "जमिनीत दमच नाही, वहिनी," हे त्याचं पालुपद. लेकीने हातापाया पडून एक हंगाम मागून घेतला आणि नाही पिकलं तर खुशाल खणा, असा शब्द देऊन बसली. आईच्या हातावर तिचा तेवढा भरवसा होता.

काकूंच्या जिवाला मात्र घोर लागला. फवारणार कोण? लेकीची कंबर धरलेली, पाठीवर पंप पेलायचा नाही. शेवटी त्यांनी स्वतःचाच नियम मोडला. एवढ्याशाने काय होतंय, असं म्हणत लेकीच्या बियाण्यासाठी जिवाणू कालवलेल्या गुळाच्या पाण्यातच चिमूटभर पूड टाकली. मग आणखी थोडी. मायेला कुठे अक्कल असते!

घेवडा फुलावर आला तेव्हा त्या लेकीकडे गेल्या. दोन्ही बाजूंची रानं हिरवीगार, आणि तिथलं बीही त्यांनीच चोळलेलं. मधली लेकीची पट्टी तेवढी पिवळी पडली होती. काकूंनी रोप उपटलं. मुळांवर एकही गाठ नाही. त्या उपटत उपटत बांधापर्यंत गेल्या. तिथे दीर भट्टीवाल्याला जमीन दाखवत उभा होता.

लेक मागून आली. "आई, सगळ्यांचं बी तूच चोळलंस ना? मग माझंच असं कसं झालं गं?"

जमीनच नापीक, असं म्हणून काकूंना सुटता आलं असतं. दीर तेच तर म्हणत होता.

"जमीन चांगली आहे. जिवाणू मी मारले. तुझ्याकडे फवारायला कोणी नाही, म्हणून पूड पाण्यातच कालवली." मग दिराकडे वळून त्यांनी हात जोडले. आयुष्यात कुणापुढे जोडले नव्हते. "अजून एक हंगाम द्या."

"शब्द एकाच हंगामाचा होता, मावशी," तो म्हणाला. आवाजही चढवला नाही त्याने.

लेक कंबरेवर हात ठेवून कशीबशी खाली बसली, आणि आईने उपटलेली रोपं एकेक करून पुन्हा मातीत खोवू लागली.