शेवटच्या ओळीतली भीमा

दर्यापूरहून कापूस घेऊन आलेल्या गाडीवानाने निरोप आणला, "भीमाबाई गेल्या जी. झोपेतच." काकू महिनाभर भावाकडे राहायला गेली होती. मला रडू आलं, पण त्याआधी मनात आलं ते खरं सांगतो... बरं झालं, कागद होऊन गेला होता. वकिलाला दुःखातही आधी कागदच आठवतो, असं आमची ही म्हणते. म्हणू दे.

भीमाकाकू माझी चुलती. ऐन तारुण्यात विधवा झाली, पदरी मूल नाही, आणि अर्ध्या अमरावतीत बारशाला गायचे ते पाळणे तिचे. तिला अक्षर येत नव्हतं. ती रचायची, मी वहीत उतरवायचो, आणि एक कानामात्रा चुकली तरी शिव्या खायचो. प्रत्येक पाळण्याच्या शेवटच्या ओळीत 'भीमा म्हणे' असायचंच. विधवेला पाळण्याजवळ कोण येऊ देतो? ती माजघरात बसायची, आणि बाहेर बायका ती ओळ गायल्या की स्वतःशीच मान डोलवायची.

तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अकोल्याच्या एका शेटजींनी त्या पैशातून शिळाछापखाना काढला आणि काकूला मोल देऊन वही नेली. काकू खूश. पुढे छापाचा पहिला कागद आला, तो मी वाचून दाखवू लागलो आणि शेवटच्या ओळीला अडलो. तिथे 'गंगा म्हणे' होतं. सगळीकडे तेच. काकूने ती ओळ मला बोटाने दाखवायला लावली. मग म्हणाली, "बापू, मले लेकरू नाही. पाळण्यापाशी कोणी मले उभं करत नाही. थ्या ओळीतूनच मी तिथं जातो. थेच पुसलं त मंग मी होती कुठी?"

दुसऱ्याच दिवशी दमणी जुंपून आम्ही दोघं अकोल्याला गेलो. शेटजी हसून म्हणाले, "नदीच्या जागी नदी घातली वकीलसाहेब, गाणं कुठी अडलं काय?" मग जरा खालच्या आवाजात, "गंगा माही माय. औंदा गेली. तिच्या नावाचं काई राहावं वाटलं. अन् वही त म्या इकत घेतली ना? कापसाची गाठ घेतल्यावर शेतकऱ्याले इचारतो काय?"

"वही तुमचीच," मी म्हणालो. "पेटीत ठेवा, उशाला घ्या. पण छापायचा हक्क वहीबरोबर येत नाही. तो रचणाऱ्याचा. तिने कागदावर लिहून दिला, तरच तुमचा."

शेटजींचा चेहरा उतरला. मला वाटलं, काकू आता वही मागणार. पण मायचं नाव ऐकून ती विरघळली होती. "देतो ना लिहून," ती म्हणाली. "छापा, इका, पोराइले द्या. पण भीमाले हात लावाचा नाही." मी तसाच कागद केला. छापण्या-विकण्याचा हक्क शेटजींचा, त्यांच्यामागे वारसांचा. पुढे कोणाला विकला तरी त्यानेही शेवटची ओळ बदलायची नाही, ही अट घालूनच विकायचा. शेटजींच्या कारकुनाने खाली सवयीने लिहिलं, 'निशाणी बांगडीची'. सही न येणाऱ्या बाईमाणसाची तीच निशाणी. काकूने आपलं मोकळं मनगट त्याच्यापुढे धरलं. "बांगडी कुठी आहे रे बाबा? पाळणा लिही." आणि बोरू घेऊन तिने वाकडातिकडा पाळणा काढला. परतताना दमणीत ती घोरत होती. इतकी निवांत झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

पुस्तक तिने हातात घेऊन पाहिलं, तेवढं समाधान मला पुरे आहे. परवा शेटजींच्या नातीच्या बारशाचं बोलावणं आलं. सुतकातून नुकतेच मोकळे झालेलो, तरी गेलो. मुलीचं नाव गंगा ठेवलं. बायका पाळण्याभोवती जमल्या, दोरी हलू लागली, आणि सवयीने माझे डोळे माजघराच्या दाराकडे गेले. दारात कोणी नव्हतं... तेवढ्यात शेवटची ओळ आली. गंगेला झोका देत साऱ्याजणी म्हणाल्या, 'भीमा म्हणे, नीज बाळा.'