हिऱ्याखालची रेघ
दौतीतल्या शाईचा वास आला की मला अकोल्याच्या सराफाकडली, वाळ्याच्या ओल्या पडद्याआडची ती दुपार आठवते. सासूबाईंनी आम्हा दोघी जावांसाठी दोन गोल हिरे ठेवले होते. थोरली म्हणून पहिली निवड माझी होती, आणि धाकटीच्या वाट्याला लहान यावा एवढ्याचसाठी मी मोठा उचलला. अंगठ्या घडवण्याआधी सराफाने कोऱ्या कागदावर शाईची रेघ ओढली आणि ती वाळल्यावर दोन्ही हिरे तिच्यावर पालथे ठेवले. धाकटीच्या हिऱ्याखाली रेघ पार नाहीशी झाली. माझ्या हिऱ्यातून ती काळीभोर दिसतच राहिली. "बाई, मूळ खडा चपटा होता, त्याचं वजन राखाच्या नादात कारागिरानं खोली कमी ठेवली," सराफ म्हणाला, "उजेड वर येत नाही, खालून निसटून राहिला." धाकटी हळूच म्हणाली, "जाऊबाई, तुमी माहा घ्या. मले रेघ दिसली तरी चालते." तिचं ते सहज देणं मला तिच्या हिऱ्याच्या तेजाहून अधिक खुपलं. "नको, माझा मोठाच बरा," मी म्हणाले. आता आम्हा दोघींचे केस पिकले आहेत. तरी पंगतीत वाढताना तिचा हात पुढे आला की माझी नजर आधी तिच्या बोटावर जाते, आणि मी माझ्या अंगठीचा खडा तळहाताकडे वळवून घेते.