आभाराच्या ठरावाला माझी दुरुस्ती

माझे वडील, आमचे दादा, सांगवीचे सरपंच होते आणि मनातून त्यांना राष्ट्रपतीच व्हायचं होतं. प्रजासत्ताक अजून नवं होतं. दरवर्षी राष्ट्रपती संसदेपुढे भाषण करत, ते पुण्याच्या पेपरात छापून येई आणि दादांना मी ते वाचून दाखवायची. त्यांचं स्वतःचं अक्षरज्ञान सहीपुरतंच होतं. 'माझे सरकार अमुक करणार आहे, माझ्या सरकारने तमुक केले आहे.' या 'माझे सरकार'वर दादा एवढे खूश झाले की तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाचायला लावत.

मग त्यांनीही वर्षातून एकदा चावडीवर गावापुढे भाषण सुरू केलं. ते सांगत, मी लिहून घ्यायची आणि सभेत वाचायचीही मीच. 'माझ्या पंचायतीनं विहिरीचा गाळ काढला. माझी पंचायत रस्त्यावर मुरूम टाकणार आहे.' एवढीशी पोर घसा ताणून 'माझी पंचायत' म्हणते, याचं कुणाला हसू येत नसे. शेवटी एक पंच आभाराचा ठराव मांडी, सगळे हात वर करत आणि चहा येई.

मी चौथीत होते त्या वर्षीची गोष्ट. गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर होडीने मुळा ओलांडून औंधला जायचं. दादांनी सांगून टाकलं होतं, "पोरीची जात, नदी वलांडून जाणार न्हाई. चौथी लई झाली." आईनं दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा त्यांनी तिला गप्प बसवलं. माझा नुसता संताप व्हायचा. माझ्या तोंडून अख्ख्या गावाला भाषण ऐकवायचं आणि शाळा माझीच बंद!

राष्ट्रपतींच्या भाषणानंतर काही दिवसांनी संसदेतल्या चर्चेचं पान आलं. ते आम्ही नेहमी सोडून द्यायचो. त्या वर्षी मी ते एकटीने वाचलं. काही खासदार आभाराच्या ठरावाला दुरुस्त्या सुचवत होते: आभार मानतो, परंतु भाषणात अमक्या गोष्टीचा उल्लेख नाही याचा खेद वाटतो. सगळ्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या होत्या. तरी छापल्या होत्या! मला तेवढं पुरे होतं.

सभेत दादांचं भाषण मी एकही शब्द न गाळता वाचलं. आभाराचा ठराव आला, पण मी खाली बसले नाही.

"माझी दुरुस्ती हाय," मी म्हणाले. "आभार मानते, पण पाचवीत जाणाऱ्या पोरींचा भाषणात उल्लेख न्हाई, याचा खेद वाटतो."

चावडी खदखदून हसली. दादांचे कान लाल झाले. "बस खाली!"

"मत घ्या. दिल्लीत घेत्यात."

दिल्लीचं नाव काढल्यावर दादांना नाही म्हणता येईना. पंचायतीच्या चिटणीसाने चाचरत विचारलं, बाजूने कोण? मागच्या भिंतीपाशी बसलेल्या बायकांमधून एकच हात वर झाला. तो आईचा होता.

"बायकांचा हात धरायचा न्हाई," एक पंच ओरडला.

आईनं हात खाली घेतला नाही. "निवडणुकीत बरा चालला ह्यो हात," ती म्हणाली.

बाकी सगळं गाव विरुद्ध गेलं. दुरुस्ती पडली. मी चिटणीसाच्या डोक्यावर उभी राहून ती वहीत लिहायला लावली, आईच्या एका मतासकट.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी आईनं माझी वेणी घातली, फडक्यात भाकरी बांधली आणि दादांच्या डोळ्यांदेखत मला घेऊन होडीकडे निघाली.

"सभेनं न्हाई म्हटलंय," दादा म्हणाले.

"मंग सभेलाच भाकरी थापाया सांगा," आई म्हणाली, आणि तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी दादा भाषण सांगायला बसले. विहीर झाली, रस्ता झाला. मग छाती फुगवून म्हणाले, "लिही. माझ्या पंचायतीनं गावची पयली पोरगी नदीपल्याड शाळंत धाडली." मी लिहून घेतलं. राग असा आला होता की टाकाच्या टोकाने कागद फाटला.

सभेत वाचताना मी त्या फाटलेल्या ओळीपाशी आले आणि थांबले.

"माझ्या आईनं," मी मोठ्यानं वाचलं, "गावची पहिली मुलगी नदीपलीकडच्या शाळेत धाडली."

दादांनी झटकन मान वळवली, कागदाकडे पाहिलं. त्यावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. मी उरलेलं भाषण पुरं केलं.

आभाराचा ठराव आला. सगळ्या चावडीने हात वर केले. दुरुस्ती कुणीच सुचवली नाही.