बंद खोलीतली बोरसी

काशीच्या राजा घाटावरून वर चढणाऱ्या गल्लीत मराठी घरात बाळंतपण असलं आणि दिवस पूस-माघाच्या थंडीचे असले, की शरदिनीबाईंना बोलावणं जायचंच. बोरसी त्यांनीच भरायची. बोरसी म्हणजे मातीची खोलगट शेगडी. काशीत थंडीची ती घरोघर असते. तळाशी भुसा, त्यावर गोवऱ्या, वर लाकडी कोळसा. आधी उघड्या चौकात पेटवायची, धूर पार जाईपर्यंत वारा घालायचा आणि निखारे लालबुंद झाले की मगच आत, बाळंतिणीच्या खाटेखाली न्यायची. वरून चिमूटभर ओवा आणि बाळंतशेपा. मग त्या खोलीभर फिरून दाराखिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबत.

"काकू, मुंगीला तरी वाट ठेवा," पोरी हसत.

"मुंगी येईल गं, तिच्यामागून गारठाही येईल."

बाई अंगाने किरकोळ, तोंडाने फटकळ. रेल्वेतला नवरा गेल्यावर त्यांच्याकडे पेन्शन उरली होती आणि हा एवढा मान. पेन्शनपेक्षा मानावरच त्या जगत होत्या म्हटलं तरी चालेल.

मुलगा प्रसन्न बँकेत. त्याची बदली कुमाऊंत, डोंगरांतल्या एका तळ्याकाठच्या गावी झाली. तिथेच सून अंतरा बाळंत झाली. मुलगा झाला. इंदूरच्या विहीणबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तेव्हा शरदिनीबाई गेल्या. सामानात ओवा, बाळंतशेपा आणि कापडात गुंडाळलेली बोरसी होती. "तिकडे हीटर आहे, आई," प्रसन्न म्हणाला. "हीटरने हाडं शेकत नाहीत," त्या म्हणाल्या.

आठवडाभराने वादळाचा इशारा आला. प्रसन्नने पाणी भरून ठेवलं, मेणबत्त्या आणल्या आणि तो शाखेत गेला तो तिथेच अडकला. दुपारीच अंधारून आलं. तळ्यावरून वारा असा उठला, की पत्र्याचं छप्पर कुणी ओरबाडतंय असं वाटावं. आधी गारा, मग बर्फ. रस्त्यावर देवदार आडवे झाले, वीज गेली, फोन गेला.

खालची घरमालकीण पहाडी बाई. ती वर येऊन बजावून गेली, "अम्माजी, अंगीठी अंदर मत रखिए. रखनी ही है तो खिड़की खुली रखिए."

"ही बाई बाळंतिणीला वाऱ्यावर झोपवणार," तिची पाठ वळताच शरदिनीबाई म्हणाल्या. त्यांनी बोरसी व्हरांड्यात पेटवली, धूर जाऊ दिला, मग आत आणली. नव्या बांधणीची खोली, खिडक्यांना रबर लावलेलं. फट काय ती दाराखालीच. तिथे त्यांनी आपलं जुनं लुगडं दाबून बसवलं आणि त्या स्वयंपाकघरात खीर ढवळायला गेल्या.

थोड्या वेळाने अंतराने हाक मारली. "आई, डोकं फार दुखतंय. खिडकी उघडा ना जरा."

"ओल्या बाळंतिणीचं डोकं दुखतंच. पडून राहा."

"मळमळतंय मला. खरंच उघडा."

"खीर आणते. पोट रिकामं आहे ना, म्हणून."

तिसऱ्यांदा तिचा आवाज आला तो अस्पष्ट होता. शरदिनीबाईंना वाटलं, झोप लागतेय बिचारीला. त्यांनी दार आणखी घट्ट ओढून घेतलं.

घरमालकीण दूध घेऊन आली म्हणून निभावलं. तिने हाक मारली, उत्तर येईना, तशी खांद्याने दार ढकलून ती आत घुसली आणि आधी खिडकी सताड उघडली. अंतरा खाटेच्या कडेला कलंडली होती. बाळ गाढ झोपल्यासारखं, गाल गुलाबी. घरमालकिणीने त्याला शालीत घेऊन बर्फातून दवाखान्याकडे धाव घेतली. अंतराला शेजाऱ्यांनी खुर्चीवर बसवून उचलून नेलं.

ऑक्सिजन लावल्यावर दोघांनी डोळे उघडले. डॉक्टरीण तरुण होती. तिने विचारलं, "धूर होता का खोलीत?"

"मुळीच नाही," शरदिनीबाई ताठ मानेने म्हणाल्या. "धूर गेल्याशिवाय मी बोरसी कधी आत आणत नाही."

"धूर असता तर तुम्हीच खिडकी उघडली असती, माताजी. कोळशाच्या निखाऱ्यांतून विषारी वायू निघतो, तो दिसत नाही, वासही येत नाही. मूल गुलाबी दिसतं, लोकांना वाटतं छान झोपलंय."

प्रसन्नच्या आधी शरदिनीबाईंना मुलगी झाली होती, मधुवंती. नाव ठेवून झालं होतं, पाळणा झाला होता. माघातल्या एका सकाळी ती उठलीच नाही. "फटीतून वारा शिरला, थंडीनं गेली," सासूबाई म्हणाल्या होत्या. त्या रात्री शरदिनीबाईंचंही डोकं फुटत होतं, उलट्या झाल्या होत्या. खाटेखाली बोरसी होती. आणि पोर निळी नव्हती, गुलाबी होती, इतकी गुलाबी की त्यांना ती गेल्याचं खरंच वाटेना. तेव्हापासून त्या जन्मभर फटी बुजवत आल्या होत्या.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अंतराला सांगावं म्हणून खाटेपाशी गेल्या, पण ती आधी बोलली.

"आई, तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, कळतं मला. पण मी तीनदा सांगितलं. तुमच्या हातात बाळ असलं की आता मला झोप लागणार नाही."

वादळ ओसरल्यावर प्रसन्न शाखेतून चालत दवाखान्यात पोचला होता, त्याने हे ऐकलं. रस्ता मोकळा होताच त्याने त्यांना काठगोदामला गाडीत बसवून दिलं. "बाद में देखते हैं, आई," एवढंच म्हणाला. बारसं इंदूरला झालं. व्हिडिओ कॉलवर पाळण्याचं कापड दिसलं, कुणीतरी सुश्रुत असं नाव घेतलं, आणि चित्र थांबलं.

गल्लीत शेजारच्या वीणाताईंची मधुरा बाळंत झाली. बोलावणं आलं. शरदिनीबाई गेल्या, खाटेखालची बोरसी उचलून चौकात ठेवली आणि खिडकी उघडली.

"अहो वहिनी, हे काय! ठंड लागेल पोरीला."

"लागू दे. रजया घाला, टोपडं घाला. निखारे आत नकोत. जीव जातो."

"काशीत बोरसीनं कुणाचा जीव गेलाय? इतकी वर्षं तुम्हीच ठेवत आलात ना?"

"माझ्या मुलीचा गेला," त्या म्हणाल्या.

वीणाताई मधुराच्या खाटेपुढे आडव्या उभ्या राहून म्हणाल्या, "मग तुम्ही आता घरी जा, वहिनी. असलं ओल्या बाळंतिणीसमोर बोलू नये."

त्या गेल्यावर बोरसी पुन्हा आत गेली. वीणाताईंचं घर जुनं, दाराच्या फळी-फळीतून उजेड दिसतो. मधुराला काही झालं नाही, तिच्या मुलीलाही नाही. गल्लीला तेवढा पुरावा पुरला. नातवाच्या बारशाला बोलावलं नाही म्हणून बाईचं डोकं फिरलं, असं ठरलं. पुढची बोरसी दुसऱ्याच कुणी भरली, आणि फटींत चिंध्या कोंबताना ती शरदिनीबाईंचीच पद्धत पोरींना शिकवत होती.